चार्जिंगचं मशीन मी बंद ठेवलं ते चार दिवस

मशीनचा मेन स्विच मी रविवारी संध्याकाळी खाली ओढला. कारण कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही एवढंच म्हणालो, की कुणी विचारलं तर बंद आहे म्हण.

वणीहून नाशिकला येताना दिंडोरीच्या थोडं आधी माझं हॉटेल लागतं. मिसळ, भजी, चहा, उन्हाळ्यात उसाचा रस. द्राक्षाच्या पॅकिंगला पेट्या उचलत होतो, मग हातगाडी लावली, मग रस्त्याकडेची ही जागा घेतली. जागेचा मालक जो आकडा सांगत होता त्याच्या पाऊणपट पैशांत घेतली. भाव करण्याची माझी एकच रीत आहे. समोरच्याने आकडा सांगितला की मी वाद घालत नाही. चपला घालतो, पाठ फिरवतो आणि निघतो. गाडीपाशी पोचेपर्यंत मागून हाक येते. फ्रीज, जमीन, मुलीच्या लग्नाचा हॉल, सगळं मी असंच मिळवलं.

दोन वर्षांपूर्वी विजेवरच्या गाड्या चार्ज करणाऱ्या कंपनीचा माणूस आला तेव्हाही मी हेच केलं. जागा माझी, वीज जोडणी माझ्या नावावर, मशीन त्यांचं. विकलेल्या प्रत्येक युनिटमागे मला दीड रुपया. मी उठून भज्यांच्या कढईपाशी गेलो. तो मागे आला आणि दोन रुपये म्हणाला. त्या दिवशी मी फार खूश होतो.

मग कळलं, जोडणीचा स्थिर आकार दर महिन्याला मलाच भरावा लागणार, गाड्या येवोत न येवोत. नवरात्रात आणि चैत्रात वणीच्या देवीच्या गर्दीला मशीनपाशी रांग लागायची, पावसाळ्यात दिवसाला एखादी गाडी. महिन्यातून दोनदा मशीन रुसायचं. पाटी त्यांची, शिव्या मला. लोक अर्धवट भरलेली गाडी सोडून गल्ल्यावर येऊन ओरडायचे, जसं काही मीच आत बसून वीज अडवतोय. पुढे कंपनीने गिऱ्हाइकाचा युनिटचा दर अठराचा तेवीस केला. माझे दोन रुपये दोनच राहिले.

या धंद्याला भविष्य नाही असं मला कधीच वाटलं नाही. उलट वाटायचं की आहे, चांगलंच आहे, म्हणूनच राग यायचा. उद्या या रस्त्यावर प्रत्येक दुसरी गाडी बिनपेट्रोलची असेल आणि तेव्हाही मला दोनच रुपये मिळणार. मी मेल पाठवले, म्हणजे माझ्या मुलीने पाठवले. प्रत्येक मेलला उत्तर म्हणून एक तक्रार क्रमांक आला. शेवटी मी माझ्या रीतीवर आलो. स्विच पाडला. पाठ फिरवली. आता हाक येईल म्हणून वाट बघत बसलो.

सोमवारी मी नाशिकला बँकेत गेलो होतो. परत आलो तर बायको गल्ल्यावर तोंड फुगवून बसलेली.

"सर आले होते," ती म्हणाली.

सर म्हणजे सुरगाण्याकडच्या एका शाळेतले शिक्षक. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, नाशिकला डायलिसिसला न्यावं लागे. पेट्रोलने पगार खाल्ला असता म्हणून त्यांनी जुनी, पांढरी, विजेवरची गाडी घेतली होती. घरी विजेचा दाब इतका कमी, की रात्रभर लावूनही ती अर्धीच भरायची. घाट उतरून, वणी ओलांडून माझ्यापर्यंत यायची, इथे पाऊण तास खायची आणि नाशिक गाठायची. माझ्या मशीनचं वर्षभराचं पक्कं गिऱ्हाईक तेवढं एकच. गाडी भरेपर्यंत आजी रसाच्या मशीनजवळ सावलीत बसायच्या. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला मोजून पाणी सांगितलेलं. "भाऊ, बरफ हाय का रं जरासा?" एवढंच मागायच्या. बायको स्टीलच्या वाटीत दोन खडे द्यायची. ते त्या अर्धा तास चघळायच्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? गाडीत जीव नव्हता. पुढेही जाता येईना, मागेही. मी त्यांना रसाच्या मशीनचा प्लग दिला. चार-पाच तास बसले बिचारे. तोवर त्यांची वेळ गेली. दवाखान्यातून सांगितलं, आता गुरुवारी या."

मी तिच्यावरच ओरडलो. प्लग कशाला दिलास म्हणून. चार लोकांना साध्या प्लगवर गाडी भरता येते हे कळलं, तर कंपनीला कसली घाई होणार?  ती म्हणाली, "तुम्ही कंपनीशी भांडताय की त्या म्हातारीशी?"

एक वेळ चुकली तर काय होतं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मला डायलिसिसमधलं काय कळतं?

मंगळवारी कंपनीचा फोन आला नाही. बुधवारीही नाही. संध्याकाळी बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, "अहो, उद्या गुरुवार आहे."

"माहितीये."

"मग चालू करा ना."

"आज रात्रीपर्यंत फोन येईल त्यांचा. ऐन वेळी मी वाकलो तर संपलं." आणि सर आता शहाणे झाले असतील, एसटीने जातील, असं मी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला पांढरी गाडी आली. हळू, इतकी हळू की मागचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता. सर उतरले. "दोन टक्के उरलेत शेठ. ॲपवर हिरवा ठिपका होता, चालू दाखवत होतं, म्हणून आलो. आईला एसटीत बसवत नव्हतं."

मी मागच्या सीटवर पाहिलं. आजींना मागे टेकताही येत नव्हतं. त्या पुढच्या सीटला धरून वाकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या फटी झालेल्या. श्वास घेताना छातीतून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येत होता. बायको बर्फाची वाटी घेऊन धावत आली. आजींनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

 मी मीटरच्या पेटीकडे पळालो आणि स्विच वर केला. मशीनला उजेड आला, पडद्यावर गोल फिरायला लागलं. सरांनी चार्जिंगची गन काढून गाडीला लावली. गोल फिरत राहिलं. मग अक्षरं आली: सेवा उपलब्ध नाही.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. मी हेल्पलाइनला फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली, गोड आवाजात.

"सर, आपलं मशीन बहात्तर तासांहून जास्त वेळ विजेशिवाय होतं, म्हणून सिस्टीमने लॉक केलं आहे. इंजिनीअर सात कामकाजाच्या दिवसांत भेट देतील."

"मग ॲपवर हिरवा ठिपका कसा?"

"सर, ॲप दुसरी टीम बघते."

"मॅडम, सात दिवस नाही. आत्ता. एक तासात. इथे पेशंट आहे."

"मी आपली तक्रार तातडीची म्हणून नोंदवते, सर."

मागे आजींचा तो आवाज चालूच होता. आणि मी, दुसरं काहीच येत नाही म्हणून, भाव करायला लागलो. "हे बघा, मला वाढवून नको. दोन रुपयेच द्या. दीड द्या. अहो, काहीच देऊ नका, फुकट चालवा. फक्त तेवढं उघडा."

"सर, दरासंबंधी आमच्याकडे माहिती नसते. आणखी काही मदत करू शकते का?"

या सगळ्या चार दिवसांत मी पाठ फिरवून उभा होतो आणि मागे कुणीच नव्हतं. हाक मारायला माणूसच नव्हता. हे मला तेव्हा कळलं, फोन कानाला लावलेला असताना.

"ठेवा तो फोन आणि गाडी काढा," बायको ओरडली. तिने एकशे आठला आधीच फोन केला होता. ॲम्ब्युलन्सला यायला अर्धा तास लागणार होता. माझ्या डिझेल व्हॅनमधून बटाट्याच्या गोण्याही तिनेच खाली ओढल्या होत्या. आम्ही तिघांनी आजींना उचलून बसवलं. त्यांचे पाय इतके जड आणि ताणलेले, की धरलेल्या जागी माझी बोटं उमटली.

त्या रस्त्यावर मी हजार वेळा गाडी चालवली असेन. त्या दिवशी दिंडोरीतून बाहेर पडायलाच एक जन्म गेला. समोर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली पिकअप, तिच्यापुढे लग्नाची बस. मी हॉर्नवरून हात काढला नाही. मागे सर आईला छातीशी धरून बसले होते. मी आरशात बघत नव्हतो, फक्त ऐकत होतो. आवाज येतोय. येतोय. अजून येतोय.

"या कंपन्या लोकांच्या जिवाशी खेळतात शेठ," सर म्हणाले. "सोमवारी बंद, आज बंद. तुम्ही होतात म्हणून बरं."

मी पिकअपच्या बाजूने गाडी काढली. 

म्हसरूळच्या सिग्नलला आवाज थांबला. मला मागे वळायची हिंमत होईना. सिग्नल लाल होता. मी तशीच गाडी घातली. कुणीतरी आईवरून शिवी दिली. मग मागून अगदी बारीक आवाज आला, "हळू रं भाऊ." मी हळू केली नाही.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, नळी नाकाला लागली. डॉक्टरांनी चालता चालताच विचारलं, "सोमवारी का नाही आणलंत? अंगात किती पाणी साठलंय बघा. फुफ्फुसात गेलंय."

"चार्जिंग बंद होतं," सर म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं गृहपाठ न करणाऱ्या पोराकडे सर स्वतः बघत असतील. एका शिक्षकाने माझ्यासमोर ती नजर झेलली. दार बंद झालं.

बाकावर आम्ही दोघं दोन तास बसलो.   आजी गेल्या तर सगळं कंपनीच्या नावावर जाईल आणि मला कुणी विचारणारही नाही, हे डोक्यात आलं. तेवढा एक क्षण सुटल्यासारखं वाटलं, आणि मग मला माझीच जास्त भीती वाटली.

नर्स बाहेर आली. "श्वास बराय आता. मशीन चालू आहे. पण अजून काही सांगता येत नाही."

तेव्हा मी सांगितलं. "सर, बिघाड नव्हता. स्विच मी पाडला होता. दरासाठी. सोमवारीही, आजही."

ते ओरडले असते तर मला जमलं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं.  ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "सोमवारी चालू असेल का? तेवढं सांगा."

"नाही. सात दिवस म्हणालेत. त्यांचे सात म्हणजे कितीही. मी येतो ना सुरगाण्याला, पहाटे निघतो. घरून घेऊन जाईन, घरी आणून सोडेन."

"किती घ्याल?"

"सर, काय बोलताय? काही नाही."

"मग नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "फुकट येणारा माणूस तिसऱ्या खेपेला येत नाही. मी कुणाला बोलणार मग? भाव सांगा. पैसे देत असेन तर बोलायला तरी तोंड राहील."

मी डिझेलचा हिशोब करून आकडा सांगितला. त्यांनी दोनशे कमी केले. मी हो म्हणालो. "साडेपाचला दारात," ते म्हणाले. "पावणेसहाला नाही." मी पुन्हा हो म्हणालो.

नर्सने त्यांना आत बोलावलं. दार थोडं उघडं राहिलं. आजींचा सुजलेला हात चादरीबाहेर होता आणि सर त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते. आजींनी मान वळवून दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. स्विचचं सांगितलं की सोमवारच्या साडेपाचचं, ते मला ऐकू आलं नाही. मी बाकावरून उठलो नाही.