तपकिरी अंडी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना माशीकाकू म्हणत आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. अठरा वर्षं त्या फळमाश्या सांभाळत होत्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट मोठ्या पातेल्यात शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं, निवलं की माश्या सोडून कापसाचा बोळा लावायचा.

"घरात एक माशी शिरली तर फडकं घेऊन धावतेस, आणि तिथे हजारोंना भरवतेस!" नवरा चिडवायचा.

"घरातलं कुणी कामाचं नाही," असं काकू म्हणत. बोलणं माशीबद्दल की नवऱ्याबद्दल, ते त्याने ठरवावं.

माश्यांच्या एका वाणात एक जनुक बिघडलेलं होतं. ते जनुक एरवी काय करतं, हे शोधण्यात तिथे पीएचडी करणाऱ्या एका मुलीची दोन वर्षं गेली होती. त्या वाणाच्या अंड्यांतून अळ्या फार कमी निघत.

"काकू, खाणं बिघडलंय का हो?" तिने एकदा विचारलं.

काकूंना ते लागलं. "खाणं तेच आहे. शेजारच्या बाटल्या बघ, कशा भरल्यात."

"मग अंडी फळलीच नसतील."

काकूंनी अंड्यांची थाळी खिडकीपाशी नेली. "न फळलेलं अंडं पांढरंच राहतं. ही तपकिरी पडलीत. आत जीव धरला होता गं, त्याला बाहेर येता आलं नाही."

मुलीने त्या वाणाच्या अंड्यांची नवी खेप, फुटायच्या वेळेला, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आत अळी पुरती तयार होती. थरथरत होती, पण जागच्या जागी. शरीर ठीक, मग नसांचं काय? तिने भ्रूणांच्या नसा रंगवायला घेतल्या.

आठवड्याने तिने काकूंना खाण्याच्या पातेल्यापासून ओढतच आणलं. निरोगी भ्रूणात पोटाकडून नसांचे दोन लांब दोरे गेले होते आणि मधे शिडीसारख्या पायऱ्या होत्या. बिघडलेल्या वाणाच्या भ्रूणात दोरे होते, पायऱ्या जवळजवळ नव्हत्याच.

"त्या जनुकामुळे नसा पलीकडच्या बाजूला जातात," मुलगी म्हणाली.

"म्हणजे डावीकडचा निरोप उजवीकडे पोचतच नाही." काकू बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. "बिचारी," एवढंच म्हणाल्या.

खात्रीसाठी चांगलं जनुक त्या वाणात परत घातलं. अंडी भराभर फुटली. मोजणी काकूंनीच केली, दोनदा.

शोधनिबंध लिहिताना मुलीचे मार्गदर्शक सर म्हणाले, "काकूंचे आभार मानू."

"आभारांत नाही, सर. लेखकांत," मुलगी म्हणाली.

सरांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं.

छापून आलेला निबंध काकूंनी घरी नेला. नवऱ्याने चष्मा लावून लेखकांतलं तिसऱ्या क्रमांकाचं नाव बोट ठेवून वाचलं, मग लांबलचक शीर्षक अडखळत पूर्ण केलं. "यात तू नक्की केलंस काय?"

"अंडी नीट बघितली," काकू म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. कागद मात्र त्यांनी ओल्या हातांपासून दूर, कपाटावर ठेवायला लावला.