मुलांना रडू देणाऱ्या चांगुणामावशी

चांगुणामावशींच्या दारात उभं राहिलं की त्या आधी मुलाकडे बघत नसत, आईकडेही नाही. हात पुढे करून म्हणत, "मोबाईल द्या." मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, स्वतःचा नंबर घालून देणार असतील. मी दिला. त्यांनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा, आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन तिरका केला.

माझा मोबाईल मला खऱ्या अर्थाने तेव्हा दिसला. काचेवर वाळलेल्या वरणाचा पिवळा पापुद्रा होता. कव्हरच्या कडेला भाताचं शीत चिकटून काळं पडलं होतं. आवाजाच्या बारीक भोकांत बिस्किटाचा लगदा बसला होता आणि सगळ्यावर माझ्या मुलीच्या लाळेचे वाळून पांढरे झालेले ओघळ. ही वस्तू मी दिवसभर कानाला लावत होते.

"शी! जेवनाचं ताट तरी घासता ना घरी?" मावशी म्हणाल्या. ओल्या फडक्याने त्यांनी तो पुसला, फडकं माझ्यापुढे धरून मला दाखवलं, आणि मग कुठे खाली वाकून माझ्या मुलीला म्हणाल्या, "ये गो बाय."

मावशी जवळच्याच मोरवा गावच्या. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, पदर कायम कमरेला खोचलेला. पंचवीस-एक वर्षं बालवाडीत मदतनीस म्हणून काढल्यावर त्यांनी भाईंदर पश्चिमेला, आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट भाड्याने घेऊन पाळणाघर सुरू केलं होतं. आम्ही लालबागची खोली सोडून इथे आलो होतो. दोघांची नोकरी, दोघांचं ऑफिस लांब. आमची मुलगी इरा तेव्हा सव्वातीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती.

त्याआधी ती दुसऱ्या एका पाळणाघरात जायची. तिथे काचेचं दार होतं, भिंतीवर जिराफ होते, आणि मोबाईलवर रोज दुपारी फोटो यायचा, सगळी मुलं ओळीत शहाण्यासारखी बसलेली. किती शांत ठेवतात, असं मी कौतुकाने सांगत असे. एकदा ताप अंगात असल्यामुळे मी ऑफिसातून लवकर निघाले आणि न सांगता तिथे गेले. खोलीत अंधार होता. दहा-बारा मुलं मोठ्या टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती, तोंडं उघडी, निळा उजेड चेहऱ्यावर. कोंडलेल्या शूचा वास येत होता. एक बाई एकाच वाडग्यातली खिचडी एकाच चमच्याने ओळीने सगळ्यांच्या तोंडात कोंबत चालली होती. एकही मूल मान वळवत नव्हतं. एका मुलाच्या तोंडातून खिचडी परत बाहेर ओघळत होती आणि त्याला पत्ता नव्हता. इराने माझ्याकडे बघितलं, आणि परत टीव्हीकडे बघितलं.

मी इराला उचलून बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मला ओकारी आली. पण त्या बाईला नावं ठेवून मी सुटणार नव्हते, कारण घरी मी तेच करत होते. फरक इतकाच की आमच्या घरचा पडदा लहान होता. इराच्या हातात मोबाईल दिला की तिचं तोंड आपोआप उघडायचं, आणि मी वाटी रिकामी करायचे. ती खिडकीच्या काचेवर बोट सरकवायची, आरशावर सरकवायची. एकदा माझ्या गालावर तिने तसंच बोट सरकवलं, मी बदलून दुसरं काही येतंय का ते बघत. कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम असल्याचं सांगितलं होतं. तिच्या तोंडून तोवर आलेला एकच ओळखू येणारा शब्द होता, "सस्काय." चॅनेल सबस्क्राइब करा म्हणतात, त्यातला.

हे सगळं मी मावशींना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्या मोबाईलच्या नावाने बोटं मोडतील. पण त्यांच्या खोलीत मोबाईल होता. फळीवर, पितळी डब्यात. रोज सकाळी अकराला डबा उघडायचा आणि दहा मिनिटांनी बंद व्हायचा. "मोबाईल म्हंजे नोकर," त्या म्हणायच्या. "काम सांगायचं, काम झालं का जा म्हनायचं. तुमी त्याला घरचा मालक केलाय, मंग तो तुमाला कामाला लावनारच."

ती कामं बघण्यासारखी असत. दारातल्या मुंग्यांचा त्या व्हिडिओ काढत, मुलांना तो मोठा करून दाखवत, मुंगीच्या मिशा मोजायला लावत. लगेच डबा बंद, आणि सगळी वरात गुळाचा खडा घेऊन अंगणात, खऱ्या मुंग्या बघायला. कुणाचे वडील बोटीवर असले तर त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं, पण मुलाने आधी काहीतरी दाखवायचं ठरवून ठेवलेलं असायचं. नुसतं 'हाय कर, बाय कर' चालत नसे. दुपारी झोपायच्या वेळी मोबाईल चादरीवर पालथा ठेवला जाई. "चित्र न्हाय. नुसता आवाज. डोळे मिटाया पायजेत ना पोरांचे." त्यातून मुलांच्या आयांचे आवाज येत. प्रत्येक आईकडून त्यांनी दोन मिनिटं बोलून घेतलं होतं. आज घरी काय रांधणार आहे, संध्याकाळी कुठल्या रस्त्याने येणार आहे, एवढंच.

माझं बोलणं त्यांनी पहिल्या वेळी नापास केलं. "हे तुमी हाफिसात बोलता तसं बोलल्या. पोर झोपल का उठून हुबी र्‍हाईल?" दुसऱ्या वेळी मी भेंडी कशी चिरते ते सांगितलं. ते चाललं.

पण इरा आवाजाने गप्प होणारी नव्हती. मोबाईल दिसायचा आणि मिळायचा नाही, हे तिला सोसवत नव्हतं. डबा बंद झाला की ती अंग टाकून द्यायची, डोकं आपटायची, मावशींच्या मनगटाला चावायची. बाराव्या दिवशी सकाळी मावशींनी मला दारातच थांबवलं.

"ताई, आज मी हिला रडू देनार हाय. पोटभर. मारनार न्हाय, ओरडनार न्हाय, पन मोबाईल बी देनार न्हाय. बाकीची पोरं झोपतील तवा जिन्यात घेऊन बसन. तुमाला चालल का? आदी सांगा. मागनं नको."

"चालेल," मी म्हणाले. मला उशीर होत होता, हे खरं. पण मी ऐकलं होतं, समजून हो म्हटलं होतं.

दुपारी ऑफिसात माझा मोबाईल थरथरायला लागला आणि थांबेना. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या कदमांनी व्हिडिओ टाकला होता. वरच्या जिन्यातून काढलेला, वीसेक सेकंदांचा. जिन्याच्या वळणावर इरा पालथी पडून किंचाळतेय, नाक-तोंड एक झालेलं, फ्रॉक वर गेलेला. मावशी एक पायरी खाली, हात उघडा पुढे करून, काही न करता बसलेल्या. खाली कदमांनी लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीत लहान मुलांचे काय हाल चालले आहेत पाहा.'

त्या वीस सेकंदांच्या आधी काय झालं आणि नंतर काय, ते त्यात नव्हतं. मावशी चाळीस मिनिटं तशाच बसल्या होत्या, आणि शेवटी इरा स्वतः सरकत येऊन त्या उघड्या हातावर गाल ठेवून झोपली होती. हे मला संध्याकाळी कळलं. ग्रुपवर मात्र तोवर पंगत बसली होती. 'ये तो टॉर्चर है.' 'पुलिस में दो.' 'बिचारी बच्ची.' रडके चेहरे, लाल रागावलेले चेहरे, हात जोडलेले चेहरे. माझ्या मुलीची चड्डी दिसत होती आणि बहात्तर घरांतली माणसं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होती. खाली जाऊन 'काय झालं गं' असं एकानेही विचारलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ही माणसं, डबा पुढ्यात ठेवून, घास गिळता गिळता बघत होती. त्या दुपारची किळस अजून माझ्या जिभेवर आहे.

मग कुणीतरी विचारलं, 'इरा आहे ना ही?'

मला दोन शब्द लिहायचे होते. 'मला माहीत होतं' म्हणजे तीन. मी काय लिहिलं ते सांगते. मी लिहिलं, 'मला काही कल्पना नव्हती. मी बघते.' आणि पुढे जोडलेले हात. लगेच बावीस जणांनी मला धीर दिला. आई म्हणून माझी कीव केली. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आठवडाभरात नऊपैकी सहा मुलं गेली. मावशी ग्रुपवर नव्हत्या, पण वॉचमनने त्यांना सगळं दाखवलं. मी लिहिलेली ओळसुद्धा. सकाळी इराला सोडायला गेल्यावर त्यांनी माझा मोबाईल पुन्हा कधी मागितला नाही. इराला आत घेत आणि दार लावून घेत.

इराला दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती म्हणून मी तिला पाठवत राहिले, हेही लिहून टाकते. आणि त्याच दिवसांत ती बोलली. मावशींनी तिचाच 'आ, आ' असा आवाज मोबाईलवर भरून तिला ऐकवला होता. ती दचकली, मोबाईलच्या मागे कोण आहे ते शोधायला लागली. मग स्वतः 'आ' केलं आणि उत्तराची वाट बघत बसली. मोबाईलमधून उत्तर आलं नाही, मावशींकडून आलं. असं रोज दहा मिनिटं. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मुंई." मी बघितलं. साखरेच्या डब्यापाशी मुंग्यांची रांग होती. मी खाली बसून रडले आणि ती मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "मुंई. मुंई."

त्यानंतरच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. राहत्या जागेत धंदा करतात, या कारणाने तळमजल्याचा फ्लॅट रिकामा करायला सांगायचं, हा विषय. धंदा तर दोन क्लास आणि एक ब्यूटी पार्लरही करत होते. मावशी दाराशी उभ्या होत्या. कुणी खुर्ची दिली नाही.

सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, बच्ची आपकी है. आप क्या बोलती हो?"

मी उठले. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "त्यांनी मला सकाळीच विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. ग्रुपवर मी खोटं लिहिलं. माझी मुलगी यांच्यामुळे बोलायला लागली."

मग कदम म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललात, ताई?"

कदमांच्या तोंडून त्या महिन्यात निघालेला तो एकमेव रास्त प्रश्न होता. मी खाली बसले. विषय मंजूर झाला. चहा आला.

मी मावशींच्या मागे धावत गेले. त्या गेटपाशी थांबल्या.

"मावशी, मी आता सगळ्यांसमोर..."

"ऐकलं मी. बोलल्या ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन ते तुमच्या जिवाला लागलं म्हनून बोलल्या. मला लागलं तवा तुमी हाफिसात होत्या." आवाज चढला नाही. मोबाईलवरचं वाळलेलं वरण बघताना त्यांचा चेहरा जसा झाला होता, तसाही झाला नाही. तसा झाला असता तर मला सोपं गेलं असतं.

मावशी महिनाअखेर गेल्या. पुढे कळलं की मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात भाचीच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मुलं घ्यायला सुरुवात केली आहे. मला तिकडे जायला दीड वर्ष लागलं. इरा आता पाच वर्षांची आहे आणि झोपेतही बोलते. तीच मागे लागली होती, "मावशीकडे जाऊ या."

मागच्या शनिवारी गेलो. अरुंद गल्ली, उघडं गटार, पाण्याची पिंपं, आणि एका दाराबाहेर ओळीत लावलेल्या इवल्या चपला. मावशी थकल्या आहेत, केस पार पांढरे झाले आहेत. त्यांनी इराला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोन्ही हात पसरले. इरा आत पळाली. मला त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, मी पिऊन होईपर्यंत थांबल्या, भांडं परत घेतलं. "दोन तासानी या," म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.

मी गल्लीत उभी राहिले. दुसरं काही सुचेना म्हणून मोबाईल काढला. ग्रुपवर कुणीतरी नवा व्हिडिओ टाकला होता. लिफ्टमध्ये एक म्हातारा माणूस उलटी करतोय, आणि खाली सगळ्यांच्या प्रतिक्रिया, हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात कदमांचं तोंड होतं. ज्यांच्या घरचा फराळ मी खाते त्यांचंही होतं. मी ग्रुपमधून बाहेर पडले आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. फार उशिरा केलेली, फार लहान गोष्ट आहे ती. तिचं कौतुक सांगत नाही.

दाराच्या फटीतून आतलं ऐकू येत होतं. इरा शाळेचं, मैत्रिणींचं, पडलेल्या दाताचं न थांबता सांगत होती, आणि मावशी मध्येच "मंग?" म्हणत होत्या. थोड्या वेळाने इरा म्हणाली, "मावशी, आई बाहेरच उभी आहे."

"हां," मावशी म्हणाल्या. "र्‍हाऊ दे हुबी. तू सांग."