म्हात्रेमामांची फेरी

पोलीस ठाण्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आवारातल्या बेवारस बाइकींसारखे ते आपोआप साचतात. नव्या मॅडम आल्यापासून तर जागाच पुरेना!

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "यापुढे सवयीने काही करायचं नाही. ज्याचा उपयोग होतो असा पुरावा आहे, तेवढंच करायचं."

हवालदार म्हात्रेमामांनी विचारलं, "मॅडम, मग चहाचं कसं?"

"चहाला सूट."

*

मग भिंतीवर नकाशा लागला. जिथे गुन्हा, तिथे लाल टाचणी. आठवडाभरात बंदरावरच्या वडाभोवती टाचण्याच टाचण्या! मॅडमनी तिथे भर उन्हात दोन शिपाई उभे केले. काहीही घडेना.

शेवटी मीच सांगितलं, "मॅडम, बंदरावर कुठेही काही झालं तरी आम्ही 'वडाजवळ' असंच लिहितो. वड सगळ्यांना माहीत आहे ना!"

मॅडमनी एकेक टाचणी काढली. मग शिपायांना उन्हातून परत बोलावलं.

*

पुढची पाळी मामांच्या फेरीची. रोज संध्याकाळी मामा बंदरावर चक्कर मारायचे.

"याचा उपयोग काय?"

"उपयोग म्हणजे? मी जातो ना!"

"महिनाभर बंद ठेवू. फरक पडला नाही, तर फेरी कायमची बंद आणि तुम्ही अलिबागला, रेकॉर्ड रूममध्ये."

मामांचा चेहराच पडला. मला फार वाईट वाटलं. बंदरावर पोरंसोरं त्यांना हाक मारतात, रेकॉर्ड रूममध्ये कोण मारणार?

*

महिना संपला. आधी बंदरावरून सारख्या तक्रारी यायच्या, जाळं गेलं, डिझेलचा कॅन गेला. फेरी थांबली आणि एकही नाही!

मॅडम म्हणाल्या, "म्हात्रे, याचा अर्थ तुम्ही गेलात की चोऱ्या होतात."

मामा घाबरले. "मॅडम, आईशप्पत, मी नाही!"

*

बदलीच्या कागदावर सही करण्याआधी मॅडम साध्या कपड्यांत बंदर बघायला गेल्या. सोबत मी. चपला काढून पाण्यात पाय बुडवून आल्या, तर चपला गायब!

शेजारी हिरामावशी बोंबील वाळत घालत होती. मॅडमनी तिला विचारलं, "मावशी, इथे तक्रार कुठे करायची?"

"बस हितंच. आमचं म्हात्रेमामा येतील, त्यांना सांग."

"पोलीस ठाण्यात गेले तर?"

"तिथं कशाला? वळखीचं कोन हाय तिथं?"

"आणि मामा आलेच नाहीत तर?"

"येतील गो. आजारी असतील. आमी सगली महिनाभर थांबलोय न्हाय का? माझं जालं गेलंय, त्या पोराचं डिझेल, पलीकडचीच्या दोन कोंबड्या." मावशीने मॅडमला बसायला टोपली उपडी घालून दिली. "पन तुझा नंबर आमच्या मागून हां!"