सकाळी सहा चाळीसचा अभ्यास

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई सुकी मासळी विकते, आणि आमच्या घरातला आवाज सगळ्या आगर गावाला ओळखीचा आहे. फरक एवढाच, की आई गिऱ्हाइकावर ओरडते आणि मी मोबाईलवर. डी.एल.एड., म्हणजे शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला मला आंतरवासितेसाठी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची शाळा मिळाली. आंतरवासिता म्हणजे अर्धवट शिकलेल्यांनी खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांवर हात बसवून घ्यायचा. मुलांना कोणी विचारत नाही, त्यांना चालेल का म्हणून.

शाळेत दोन खोल्या, चार इयत्ता आणि एक गुरुजी. गुरुजी निवृत्तीला आलेले, आवाज कधी चढवायचे नाहीत, पण एका वाक्यात माणसाला जमिनीवर आणायचे. मला तिसरीचा वर्ग मिळाला. चौदा मुलं. आणि त्यांच्याबरोबर मिळालं कृतिसंशोधन. वर्गातली एक अडचण शोधायची, तिच्यावर उपाय करायचा, महिन्याभराने गुण आला का बघायचं आणि फाईल करायची. फाईल नापास झाली तर वर्ष गेलं, असं आमच्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वर्ष गेलं असतं तर आईला मी काय तोंड दाखवणार होते, हा विचार मी फाईलपेक्षा जास्त केला.

अडचण मला पहिल्याच आठवड्यात सापडली. मुलांना घड्याळ वाचता येत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ सव्वादोनला बंद पडलेलं, त्यामुळे मुलांच्या मते दिवसभर सव्वादोनच वाजलेले असायचे. मी उपाय जाहीर केला: मोबाईल. रोज संध्याकाळी आगरच्या ओटीवर बसून तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा, मुलांनी बघायचा आणि खाली दिलेला प्रश्न सोडवून वहीचा फोटो पाठवायचा.

गुरुजींनी चष्मा पुसला. "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"गुरुजी, हे तंत्रज्ञान आहे."

"उंटपण चांगलाच प्राणी आहे," ते म्हणाले आणि पोषण आहाराचा भात शिजला का ते बघायला गेले.

मला राग आला. पाड्यावर रेंज नाही, हे ते सांगू पाहत होते. रेंज अगदीच नव्हती असं नाही. पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून मान वाकडी केली, तर एखादा फोन लागायचा. पण मला कुठे तिथून पाठवायचं होतं? आगरला रेंज भरपूर. मी पाठवलं, माझं काम झालं. नव्या शिकणाऱ्याला स्वतःचं टोक तेवढं दिसतं, दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही.

पहिला व्हिडिओ करायला दीड तास लागला. मागे आईचे बोंबील वाळत होते, ते दिसू नयेत म्हणून मी चादर लावली, तर आई चिडली. "बोंबलांची लाज वाटते का गो तुला? त्यांनीच तुला मोबाईल घेऊन दिला." चादर काढली. मग मी गोड आवाज काढून म्हणाले, "मुलांनो, लहान काटा म्हणजे तासाचा काटा." आई आतून म्हणाली, "एवढी गोड तर तू माझ्याशी जन्मात बोलली नाहीस." ते वाक्यही रेकॉर्ड झालं. कापता येईना, तसंच पाठवलं.

आणि काय सांगू, उपाय लागू पडला! दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नऊ फोटो. चौदांपैकी नऊ घरांतच मोबाईल होता, म्हणजे शंभर टक्के यश. उत्तरं सगळी बरोबर. तिसऱ्या दिवशीही नऊ, चौथ्या दिवशीही नऊ. मी मोहरून गेले. फोटो रोज सकाळी साडेसहा ते सातच्या मधे यायचे. मी फाईलमध्ये लिहिलं, 'विद्यार्थी पहाटे उठून अभ्यास करू लागले.' काही उत्तरं वहीऐवजी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली होती. मी लिहिलं, 'विद्यार्थी टाकाऊतून टिकाऊ साहित्य तयार करतात.' अक्षर फार हललेलं होतं, तर तेही सोडलं नाही: 'हस्ताक्षरात सुधारणेस वाव आहे.' आता ती पानं वाचली की कानशिलं गरम होतात.

वर्गात मात्र मी मुलांना घड्याळाबद्दल अवाक्षर विचारत नव्हते. आधी चाचणी, मग उपाय, मग पुन्हा चाचणी, आणि मधे ढवळाढवळ नाही, अशी माझी शास्त्रीय पद्धत. मुलं माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, मी आवडते.

तिसऱ्या आठवड्यात सुट्टीची वेळ झाली का बघायला मी एका मुलीला गुरुजींकडे पाठवलं. तिच्या घरून सगळ्यात सुंदर उत्तरं यायची, एकही चूक नाही. "गुरुजींच्या हातातलं घड्याळ बघ आणि सांग," मी म्हटलं. ती गेली, गुरुजींचा हात धरून घड्याळ नीट न्याहाळलं आणि परत आली.

"काय गं?"

"चांगलं आहे, बाई."

गुरुजी खोकला आल्यासारखं करून बाहेर गेले. मी त्या मुलीला समोर उभं केलं. अगं, काल तूच तर पावणेसात बरोबर लिहिलंस! ती जराही घाबरली नाही. "ते मी नाही, आईने लिहिलं. आई टेम्पोत करते माझा अभ्यास." मग मागून सगळ्यांनी गिल्ला केला. माझीपण आई, माझीपण आई, माझी काकी! जिच्या काकीने केला होता तिला तर केवढा अभिमान. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, फक्त बाईंना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत एसटीत मनातल्या मनात भांडत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली एसटी पकडली. विवळवेढ्याचं देऊळ मागे पडलं तेव्हा अजून नीट उजाडलंही नव्हतं. पाड्याचा रस्ता जिथे हायवेला मिळतो, तिथे उतरले. एक टेम्पो उभा होता. राज्याच्या सीमेपलीकडच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बाया त्यात दाटीने बसलेल्या, मांडीवर डबे. आणि आतून आवाज येत होता माझाच, साखरेत घोळलेला: "मुलांनो, आता मोठ्या काट्याकडे बघा!"

नऊ डोकी एका मोबाईलवर वाकलेली. मग उलगडा झाला. पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे मी संध्याकाळी पाठवलेला पाठ रात्रभर कुठेतरी अधांतरी लटकायचा. सकाळी टेम्पो हायवेला लागला की सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजायचे. मुलं तेव्हा घरी झोपलेली. प्रश्नाचं उत्तर गेलं नाही तर बाई पोरांना रागावतील, म्हणून आया पुठ्ठ्यावर उत्तर लिहायच्या, खड्ड्यांतून जाताना लिहायच्या, आणि फोटो धाडायच्या. संध्याकाळी पोरांना सांगायच्या, तुझा अभ्यास झाला, जा खेळ. नाही कोण म्हणणार?

मी टेम्पोला हात लावून उभी राहिले आणि सुरू झाले. हे काय चाललंय, पोरांचं नुकसान आहे, माझं वर्ष जाईल, सगळं बोलले. मग त्या 'चांगलं आहे' म्हणणाऱ्या मुलीची आई पुढे झाली. माझ्याहून फार तर आठ वर्षांनी मोठी असेल, केसांत आबोलीची वेणी.

"बाई, तुमी व्हिडिओत बऱ्या बोलता," ती म्हणाली.

सगळा टेम्पो हसला. मलाही हसू आलं, आणि राग कुठे गेला कळलं नाही. मग तिने माझा पाठ तपासला. आमच्या अध्यापक विद्यालयात माझे वीस पाठ तपासले गेले असतील, पण इतका नीट कोणी तपासला नव्हता. म्हणाली, तुम्ही घाईत बोलता. साडेपाच सांगताना लहान काटा पाचावर ठेवलात, तो पाच आणि सहाच्या मधे पाहिजे ना? आणि 'पाऊण' सांगितलंत, पण पाऊण कशाचा ते नाही सांगितलं. तिचं सगळं खरं होतं. मी पंचवीस मिनिटं शिव्या घालायला आले होते आणि पाच मिनिटांत वही काढून टिपण घेत होते.

"पोरांच्या बाबतीत चुकलं आमचं," ती शेवटी म्हणाली. "पण तुमी फाईल करता म्हणे. त्यात आमचं पण लिहिलं का?"

टेम्पो निघून गेला. मी शाळेत आले आणि फाईल उघडून बसले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर फाईल बघून जातात. मुलांना काही विचारत नाहीत, माझा अनुभव आहे." म्हणजे वाट मोकळी होती. नऊ फोटो, सगळी उत्तरं बरोबर, पहाटेचा अभ्यास, टाकाऊतून टिकाऊ. कोणाला काय कळणार होतं? दोन दिवस मी त्याच वाटेकडे बघत होते, खोटं कशाला बोलू. वर्ष जाणं म्हणजे काय, ते ज्याचं जातं त्यालाच कळतं. पण 'आमचं पण लिहिलं का' हे डोक्यातून जाईना. फाईल तशीच दिली असती, तर तिचं अक्षर तिच्या मुलीच्या नावावर जाणार होतं, आणि ती पुन्हा एकदा कुठेच नसणार होती.

मी चाचणी घेतली. चौदांपैकी दोघांना घड्याळ आलं. शेवटचं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं: उपाय मुलांपर्यंत पोचला नाही, नऊ बायांपर्यंत पोचला, आणि त्या नऊही जणींना घड्याळ येतं.

सर आले, त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "पण तुमचा नमुना तर तिसरीची मुलं होता. या बाया कुठून आल्या?"

"टेम्पोतून, सर."

गुरुजी पुन्हा खोकले. सर हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला: संशोधन फसलं. उरलेल्या अकरा दिवसांत मुलांना वर्गात शिकवा, नव्याने चाचणी घ्या, मग बघू. मुलांचं काय झालं ते सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. गुरुजींनी भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून दिलं, मुलांनी त्याचे काटे बोटांनी फिरवून फिरवून अकरा दिवसांत ते शिकून घेतलं, आणि मी पास झाले. काठावर, पण झाले.

पण सर गेले त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी घाबरलेली होते आणि स्वतःवर चिडलेली होते. ओटीवर बसून ग्रुपवर टाइप केलं, 'उद्यापासून व्हिडिओ बंद. अभ्यास वर्गातच होईल.' आणि मोबाईल उपडा ठेवला. आई म्हणाली, "एवढ्यात दमलीस?"

सकाळी एसटीत बसले होते तेव्हा मोबाईल वाजला. सहा चाळीस. फोटो नव्हता, बोललेला निरोप होता, त्या मुलीच्या आईचा. मागे टेम्पोचा खडखडाट. मी मोबाईल कानाला लावला.

"बाई, बंद का केलं? पोरांना शाळेत शिकवा, बरोबर आहे, ती तुमच्या समोर बसतात. आमच्या समोर कोण बसतंय?" टेम्पोने एक खड्डा घेतला, मग ती पुढे म्हणाली, "मी तिसरीत होते तेव्हा आमच्या बाईंची बदली झाली. दुसऱ्या येतील म्हणाले. मी पावसाळाभर वाट बघितली, कोणी आलं नाही, मग बापाने बकऱ्यांवर पाठवलं. तुमी पण चालल्या का?"

एसटीत माणसं होती म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. मी चाललेच होते. अकरा दिवसांनी आंतरवासिता संपणार, मग ना ती शाळा माझी ना तो पाडा. तिला काय सांगणार? पण व्हिडिओ तर मी शाळेतून करतच नव्हते. तो आगरच्या ओटीवर व्हायचा, आणि ओटीवरून माझी बदली करणारा अजून जन्माला यायचा होता. एवढी साधी गोष्ट, पण महिनाभर तंत्रज्ञान तंत्रज्ञान करणाऱ्या माझ्या डोक्यात ती आली नव्हती.

मी बटण दाबून बोलले. आवाज गोड काढायचं राहून गेलं, माझा नेहमीचाच निघाला. "शाळेतून चालले आहे. पाठ बंद नाही. संध्याकाळी पाठवते, आणि खड्ड्यात लिहू नका, टेम्पो थांबला की लिहा."

लगेच उलटा निरोप आला. बाकीच्या बाया मागे काहीतरी बोलत होत्या, तिने त्यांना गप्प केलं.

"बरं," ती म्हणाली. "माझी तिसरी पुरी करून द्या, मग जा कुठे जायचं तिथे."