ठेवणीतली दांडी

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. तिथे आईचा काचेचा चहाचा संच कपाटाच्या वरच्या फळीवर बसून म्हातारा झाला. मोठे पाहुणे आले की काढायचा असं ठरलेलं होतं, पण संच काढण्याइतके मोठे पाहुणे आमच्याकडे कधी फिरकले नाहीत. मला शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी एक शाईचं पेन दिलं. ते मी खोक्यात इतकं जपलं की निवृत्तीच्या दिवशी सही करायला काढलं तर आतलं रबर पार चिकट होऊन गेलेलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गाडीच्या बाबतीत मी जो गाढवपणा केला तो असल्या घरात वाढलेल्या माणसालाच जमू शकतो.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती पानशेतच्या पलीकडे एका वाडीत गेली आणि तिथलीच झाली. भावजी वारल्यावर ती त्या घरात एकटी राहू लागली. दारात दोन फणस, मागे भाताची खाचरं, ओटीवर तिचं शिवणयंत्र. आसपासच्या वाड्यांमधल्या बायकांची झंपरं ती शिवायची. तिला तिथे काहीही कमी नव्हतं. कमी होता तो रस्ता. एसटी ओढ्याच्या अलीकडे थांबायची आणि ओढा ओलांडला की लाल मातीचा एक उभा चढ लागायचा. श्रावणात त्या चढावर माणूस दोन पावलं वर गेला की एक पाऊल खाली यायचा.

ताईचा मुलगा परदेशात. त्याला आईची काळजी वाटायची, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्याने विश्रांतवाडीला वृद्धांसाठीची एक जागा शोधून काढली. फोनवर तो मला म्हणाला, "मामा, तिथे डॉक्टर आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे." शेजारी बसलेल्या ताईने माझ्या हातातून फोन घेतला. "लिफ्ट आहे ते छान झालं," ती म्हणाली. "पण तिने मी जाऊ कुठे?"

बरीच वादावादी झाली. शेवटी भाच्याने अट घातली. वर्षातला कुठलाही दिवस असो, मामाची गाडी आईच्या अंगणात पोचली पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात तो येऊन स्वतः बघणार. पोचली तर आई घरीच राहील, नाही पोचली तर पुण्याला हलेल. मी छाती पुढे काढून "मान्य" म्हणालो. तेव्हा माझ्याकडे जी गाडी होती ती धायरीच्या आमच्या सोसायटीतल्या गतिरोधकावरसुद्धा पोट घासायची.

मग गाडी बघायला लागलो. शोरूममधला मुलगा फार गोड बोलायचा. "सर, यात सनरूफ आहे, टचस्क्रीन आहे, लुक एकदम रफ अँड टफ आहे."

मी विचारलं, "चिखलात चढेल का?"

"सर, कस्टमरचा फीडबॅक खूप पॉझिटिव्ह आहे."

"ग्राहकांचं नाही, गाडीचं विचारतोय. चारही चाकं ओढतात का?"

तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. फक्त पुढची दोन ओढत होती. अशा चार शोरूम झाल्या. गाडी डोंगराएवढी दिसायची, नावसुद्धा काहीतरी वाघासिंहाचं, आणि मागची दोन चाकं नुसती सोबतीला. चाळीस वर्षं मुलांना नकाशावरच्या समोच्च रेषा शिकवल्या, पण एक चढ चढायला काय लागतं ते मला ठाऊक नव्हतं हे त्या महिन्यात कळलं.

शेवटी मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांचं गॅरेज विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला. माझी स्कूटर तीस वर्षं त्यांच्याच हाताखाली चालली होती. मुसलमान घराणं, चार पिढ्या पुण्यातल्या, त्यामुळे बोलणं माझ्याहून शुद्ध आणि माझ्याहून खोचक. त्यांची मुलगी माझ्या शाळेत शिकली, म्हणून ते मला सर म्हणायचे. तसं म्हणताना मला काहीही येत नाही हे त्यांना नीट माहीत असायचं.

सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "नवी घेऊ नका. तुम्हाला जी पाहिजे ती जुन्यात मिळेल. मी येतो बघायला."

ते खरोखर आले. स्वतःचं काम टाकून चार रविवार माझ्याबरोबर फिरले. गाडी दाखवणारा माणूस दार उघडून आतल्या सीट दाखवायला लागला की मिस्त्री खिशातून वर्तमानपत्र काढायचे, गाडीखाली अंथरायचे आणि उताणे होऊन आत सरकायचे. बाहेर आले की एकच शब्द, "नको." तिसऱ्या गाडीला मी वैतागलो. गाडी आरशासारखी लखलखत होती. मी म्हणालो, "अहो, इतकी छान ठेवलीय!"

"वरून ठेवलीय," ते म्हणाले. "वरून सगळेच ठेवतात."

चौथी गाडी मुळशीकडच्या एका शेतकऱ्याची होती. आठ वर्षं जुनी, डिझेलवर चालणारी, दारावर ओरखडे. गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी एक छोटी दांडी होती. ती पुढे ढकलली की चारही चाकं ओढायची. मिस्त्री खालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या दाढीला चिखल लागला होता आणि चेहरा खुललेला होता. "हिने काम केलंय, सर," ते म्हणाले. "हिला सवय आहे. हीच घ्या."

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "दर पंधरा दिवसांनी ही छोटी दांडी टाकायची. कच्च्या रस्त्यावर मैलभर चालवायची. गरज असो वा नसो." मी मान डोलावली. वर्गात माझी मुलं जशी डोलवायची तशीच.

आणि मी ती दांडी ठेवणीत टाकली.

खोटं सांगत नाही, तिला एकदाही हात लावला नाही. मला वाटायचं, उगाच कशाला झिजवा? भाचा येईल, चिखल असेल, तेव्हा ताजीतवानी कामाला येईल. गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी. ताईकडेसुद्धा त्या हिवाळ्या-उन्हाळ्यात मिळून दोनदाच गेलो, तेही साध्या दोन चाकांवर. रस्ता कोरडा होता, भागून गेलं. बायको एकदा कव्हर झटकताना म्हणाली, "अहो, ती दांडी आहे की माझी पैठणी? लग्नकार्यालाच काढायची का?" मी तिला यंत्रातलं काही कळत नाही असं सांगितलं. मला कळत होतं अशातला भाग नव्हता.

श्रावणात भाचा आला. सकाळी त्याला घेऊन निघालो. खडकवासला गेलं, पानशेत गेलं, पाऊस धरून होता. वाटेत मी त्याला गाडीविषयी इतकं ऐकवलं की तो शेवटी खिडकीबाहेर बघू लागला. ओढा ओलांडला आणि चढ सुरू झाला. पंचवीस-तीस फूट गेलो असू, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी आडवी सरकली. मी तयारीतच होतो. गाडी थांबवली, भाच्याकडे बघून हसलो आणि छोटी दांडी पुढे ढकलली.

ती हललीच नाही.

दोन्ही हातांनी ढकलली. मुठीने ठोकली. ती आपली जिथे होती तिथेच. वर घराच्या ओटीवर ताई उभी होती. पदर डोक्यावरून घेऊन ती आमच्याकडेच बघत होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती हलत नव्हती हे दिसत होतं. भाच्याने वर आईकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मामा, समज आई वर पडलेली असती तर?"

मला त्या क्षणी गाडीतून उतरून चालत पुण्याला जावंसं वाटलं. माझ्या बहिणीचं घर, तिचे फणस, तिचं शिवणयंत्र, सगळं माझ्या जपून ठेवण्याच्या खोडीपायी जायची वेळ आली होती. गाडी कशीबशी मागे घेत ओढ्याकाठच्या सपाट जागेवर आणली. तिथे फोनला रेंजची एक कांडी यायची. मिस्त्रींना लावला.

"किती वेळा टाकलीत?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"एकदाही नाही."

पलीकडे हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सर, मुलाला वर्षभर फळ्यापुढे एकदाही उभं केलं नाहीत, आणि आज एकदम इन्स्पेक्टरसमोर उभं केलंत होय?"

मला रडू यायचं बाकी होतं. ते त्यांनी ओळखलं असावं, कारण आवाज बदलला. "घाबरू नका. गाडी चांगली आहे, मी बघितलीय. इंजिन बंद करा. चाकांना दगड लावा. खाली दांडीचा सांधा आहे, तो गंजून धरलाय. त्यावर पातळ तेल सोडा, दहा मिनिटं थांबा, आणि एकाने खालून हलकेच ठोकायचं, एकाने वरून दांडी हलवायची. जोर लावायचा नाही."

"तेल कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा. मी विश्रांतवाडीत आहे."

भाच्याने चढाच्या पायथ्याशी जाऊन वर हाक मारली, "आई, घरात तेल आहे का? पातळ?" त्याला वाटलं होतं, ती "आहे" म्हणाली की तो वर जाऊन आणेल. पण ताई आत गेली आणि पाच मिनिटांत हातात काठी घेऊन खाली येताना दिसली. त्या चढावरून. सत्तरीची बाई, पायाचे अंगठे चिखलात रुतवत, कडेच्या गवतावरून तिरकी तिरकी उतरत आली. भाचा "आई, थांब, थांब" करत पुढे धावला आणि दोनदा आपटला. ती एकदाही घसरली नाही.

तिच्या कनवटीला शिवणयंत्राची तेलाची कुपी होती, लांब चोचीची. "रोज घालते यंत्राला," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, कुरकुर नाही केली त्याने." मग माझ्याकडे वळून, लहानपणी अभ्यास न केल्यावर ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात, "आणि तू रे?"

भाचा परदेशी जॅकेटसकट गाडीखाली शिरला. मी वर बसलो. ताई बाहेर उभी राहून दोघांना सूचना देत होती, जणू आयुष्यभर तिने गाड्याच दुरुस्त केल्या. खालून टकटक, वरून मी एकेक बोटभर हलवतोय. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आणि मग खट्ट असा आवाज होऊन दांडी पुढे गेली. भाचा खालून ओरडला, "गेली, गेली!" तो बाहेर आला तेव्हा नखशिखांत लाल झाला होता आणि मोठ्याने हसत होता. त्याला असं हसताना मी शेवटचं तो शाळेत होता तेव्हा पाहिलं होतं.

ताईला मागे बसवलं. गाडी त्या चढावर हळूहळू, कसलीही घाई न करता, चारही चाकांनी माती धरत वर गेली आणि अंगणात फणसाखाली थांबली.

जेवताना भाचा आईला म्हणाला, "तू इथेच राहा." ताईने त्याच्या पानात आणखी भात वाढला आणि त्यावर दुसऱ्यांदा तूप सोडलं. मग तो माझ्याकडे वळला. "मामा, माझी अट बदलली. दर पंधरा दिवसांनी रविवारी तू इथे यायचंस. गरज असो वा नसो. दांडी टाकून." मिस्त्रींचे ते शब्द त्याने कधीच ऐकले नव्हते, तरी नेमके तेच बोलला.

त्यानंतर सात वर्षं मी पंधरवड्याच्या रविवारी गेलो. आधी शिक्षा म्हणून, मग सवयीने, आणि पुढे पुढे गुरुवारपासूनच वाट बघत. बायको बरोबर असायची. एकदा मिस्त्री त्यांच्या बेगमला घेऊन आले, तेलवाल्या बाईंना बघायचंय म्हणून. ताईने त्यांना फणसाची भाजी वाढली आणि त्यांनी तिच्या यंत्राचा पट्टा बदलून दिला. चाळीस वर्षांत मी तिच्याशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या सात वर्षांत बोललो. आईचा तो चहाचा संचही एका रविवारी तिच्याकडे नेला. त्यातले तीन कप आम्ही फोडले, बाकीच्यांतून चहा प्यायलो. ज्या अडीनडीसाठी गाडी घेतली ती अडीनड एकदाही आली नाही. दांडी वेळेवर टाकली असती तर श्रावणात एकदा दाखवून, शाबासकी घेऊन, पुन्हा वर्षाला दोनदाच गेलो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या गंजलेल्या सांध्याचे उपकार मी मानतो. मिस्त्रींचे, भाच्याचे आणि त्या गाडीचे तर मानतोच.

ताई चैत्रात गेली. पहाटे झोपेतच, तिच्या घरात. सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला आणि आम्ही निघालो. ओढा आटलेला, चढ खडखडीत कोरडा, कुठलीही गाडी गेली असती. तरी चढाशी आल्यावर माझा हात छोट्या दांडीवर गेला, आणि ती एका बोटाने सरकली.