चकतीताईचा दादा

संशोधन संस्थेत तिला सगळे चकतीताई म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं होतं. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिचं राज्य: दळायची यंत्रं, चाळण्या, एक दाबयंत्र आणि तीन भट्ट्या. खनिजांची भुकटी दळायची, चाळायची, दाबून कोटाच्या बटणाएवढ्या चकत्या पाडायच्या आणि भाजायच्या. दिसायला फुटक्या कपबशीचा तुकडा. पण दाब पडला की ती चकती चिमूटभर वीज द्यायची. त्या विजेवरून गाडी किती हादरली, किती कलली हे कळायचं. वरच्या मजल्यावर गणितवाले सर गाडी वळणावर कशी वागेल याची समीकरणं मांडत. ती खरी ठरतात का, हे मागच्या चाचणी-रस्त्यावर बघितलं जाई. आणि त्या रस्त्यावर गाडी चालवायचा तिचा थोरला भाऊ.

आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच तिला वाढवलं. तिच्या वेण्या घालता घालता त्याचे हात इतके सराईत झाले होते, की शेजारणी आपल्या मुलींना त्याच्याकडे पाठवत. पुढे दोघं एकाच संस्थेत लागली, दोन खोल्यांच्या घरात राहिली. ती कधी कधी त्याच्या शेजारी बसून चाचणीच्या फेरीला जाई. वळण यायच्या आधी तो ब्रेकला पायाने दोन हलक्या टिचक्या मारायचा आणि मग तिसऱ्यांदा नीट दाबायचा.

“हे काय रे?” तिने एकदा विचारलं.

“गाडीला आधी सांगायचं, मग वळवायचं. तुला नाही का, उठवायच्या आधी दोनदा हाक मारावी लागत?”

चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिला मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं. भट्टी सकाळपर्यंत आपोआप निवू द्यायची, नाहीतर चकत्या तडकतात, हा नियम तिला पाठ होता. पण चकत्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीवर बसवायच्या होत्या, आणि त्या काढून दिल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. तिने वेळेआधी भट्टीचं दार उघडलं. वरून बघता एकही चकती तडकलेली दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर उलटली. आतल्या आत चिरलेली चकती निम्मीच वीज देत होती, त्यामुळे गाडी कलली तरी कल दाखवणारा काटा पुरेसा चढत नव्हता. दादाच्या शेजारी बसून तो काटा वाचणाऱ्या इंजिनिअरचा हात मोडला. दादाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशी झाली. दादा म्हणाला, “वेग माझ्याकडून जास्त झाला.” तेवढंच. ती भिंतीशी उभी होती. भट्टीबद्दल बोलायला तिने तोंड उघडलं नाही. दादाची नोकरी गेली. पंधरा दिवसांनी तो कामावरून परतलेल्या बहिणीला म्हणाला, “दुसरीकडे बघतो काहीतरी,” आणि बॅग उचलून गेला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, पत्त्याशिवाय. मग तीही थांबली. ती मात्र रोज स्वयंपाक करताना दोघांच्या अंदाजानेच कणीक मळायची आणि मळून झाल्यावर स्वतःवरच चिडायची.

या वर्षी दूरच्या एका चाचणी-केंद्राकडून नोंदींचा गठ्ठा आला. तिकडे तिच्याच चकत्या वापरत. त्या बरोबर मोजतात का, हे ताडून बघायचं होतं. गणितवाल्या सरांनी आलेखाचे कागद तिच्या टेबलावर पसरले. चालकांची नावं नव्हती, नुसते आकडे. सातव्या कागदावर तिचं बोट थबकलं. वळणाआधी रेषेला दोन बारीक उंचवटे, मग एक मोठा. पुढच्या वळणाआधी तसंच. त्याच्या पुढच्याही.

“काही चुकलंय का, ताई?” सरांनी विचारलं.

“नाही सर. हा माझा दादा आहे.”

सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतःच त्या केंद्राला फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. “सात नंबर? ती फेरी माझी.”

चकतीताईने कागदावरचे उंचवटे पुन्हा बघितले. “मग वळणाआधी त्या दोन टिचक्या?”

“त्या होय! आमच्या काकांनी शिकवलंय. गाडीला आधी सांगायचं म्हणतात. आता निवृत्त झालेत, पण इथे जवळच राहतात. नंबर देऊ का?”

नंबर लिहून घेतलेला कागद तिने तीन दिवस पदराला बांधून ठेवला. चौथ्या दिवशी फोन केला.

“कोण?”

“मी.”

दादा म्हणाला, “जेवलीस का?”

ती रडायलाच लागली. “दादा, ती चकती... भट्टी मी लवकर उघडली होती.”

“माहीत आहे गं. उलटलेल्या गाडीतून मीच तर ती काढली. हातात आली ती दोन तुकडे होऊन.”

“मग गेलास कशाला?”

“तू रोज मान खाली घालून माझं ताट वाढायला लागलीस. ते बघवेना.”

दुसऱ्या दिवशी ती संचालकांच्या खोलीत गेली. संचालक म्हणजे तोच इंजिनिअर. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नसे. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं.

“चौदा वर्षांनी कशाला हे, ताई? फाइल बंद झाली.”

“फाइल बंद झाली असेल साहेब. माझं तोंड आत्ता उघडलंय.”

साहेबांनी डाव्या हाताने चष्मा काढला. “‘काटा खालीच आहे, वेग अजून वाढवा,’ असं मी म्हणालो होतो. तुमच्या भावाने ते चौकशीत सांगितलं नाही. आणि मीही नाही.”

त्या आठवड्यात जुन्या अहवालाला एक पान जोडलं गेलं. चालकाचा दोष नव्हता, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं आणि खाली तिची आणि साहेबांची सही होती. प्रत दादाला टपालाने गेली.

“चष्मा लावून दोनदा वाचलं,” दादा फोनवर म्हणाला.

“मग आता ये ना घरी.”

“येतो. गुडघा जरा बरा होऊ दे.”

याला आता आठ महिने झाले. तिने ‘मी येऊ का’ म्हटलं की दादा, “तू नको दगदग करू, मीच येतो,” म्हणतो. रविवारी दुपारी तिचा फोन ठरलेला.

“गुडघा कसा आहे?”

“बरा आहे.”

“मग?”

दादा विचारतो, “काय गं, नवी भट्टी आणली म्हणालीस, ती तापते कशी?” आणि चकतीताई पाय वर घेऊन बसते, आणि भट्टी किती वेळात तापते, किती वेळात निवते, दार कसं घट्ट बसतं, सगळं सावकाश सांगू लागते. मधेच तो “हं” म्हणाला नाही, तर थांबून विचारते, “आहेस ना?”