करंगळीच्या बाजूचं हाड

आमच्या प्लास्टरमामांना एक्स-रे लागायचाच नाही. मोडल्या जागेवर अंगठा ठेवायचा, पेशंटच्या तोंडाकडं बघायचं आणि सांगून टाकायचं, "मोटरसायकल. अन् पिलेला व्हतास बे, खोटं बोलू नको." भलेभले कबूल करायचे.

मामा प्लास्टर घालायचे त्या सरकारी दवाखान्यात मी नवी सिस्टर होते, तेव्हा हाडांचं सगळं मला त्यांनीच शिकवलं. चौसाळ्याकडून हायवेवरचे यायचे ते मांडीचं हाड मोडून. ऊसतोडीच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरलेले यायचे, त्यांचा घोटा नाहीतर नडगी. म्हाताऱ्यांचा मोरीत खुबा जायचा. "पडणारं माणूस हात टेकतं, म्हणून मनगट मोडतं," मामा म्हणायचे. "पण कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हे एकलंच हाड मधोमध मोडलं ना सिस्टर, ते पडून न्हाई. वरून काठी येती, माणूस डोकं वाचवाया हात आडवा धरतं, तवा मोडतं."

असा हात आला की मामा सोबतच्या माणसाला चहा आणायला पिटाळायचे आणि हळूच विचारायचे, "कोणी?" बहुतेक बाया रडत रडत सांगायच्या. मग मामा डॉक्टरांना सांगत, डॉक्टर पोलिसांना.

वडवणीकडची एक आजी मात्र बोलेना. एकुलत्या एका लेकानं आणली होती, येताना केळी घेऊन! ती म्हणाली, "शेळीनं वढलं."

"आजी, शेळीच्या हातात काठी असती का?"

तिनं चांगल्या हातानं मामांचं मनगट धरलं. "लिवू नका, बाबा. त्याला नेलं तर मला पाणी कोण पाजील?"

मी मामांना म्हटलं, डॉक्टरांना सांगा. "ती न्हाई म्हणती," एवढंच उत्तर. मला भयंकर राग आला, पण माझीही जीभ डॉक्टरांपुढं उचलली नाही.

मामांनी स्वतःचाच उपाय काढला होता. दंडापासून बोटांपर्यंत प्लास्टर, हात गळ्यातल्या झोळीत. लेकाला दम भरला, "ह्या हाताला धक्का लागला तर कापावा लागंल, अन् पोलिस इचारतील." सहा आठवड्यांनी ती आली, तर मामा म्हणाले अजून जुळलं नाही. पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टर ऑपरेशनात बुडालेले, प्लास्टरचं सगळं मामांवरच सोडलेलं.

"मामा, जुळलंय की!"

"मला कळत न्हाई का? पांढरा हात दिसतोय तवर तो मारीत न्हाई. तीच सांगती."

आणि खरंच, आजी सुधारली होती. हसायची, मला "बाई, जेवलीस का?" विचारायची. मला वाटलं, काय डोकं आहे या माणसाचं!

तीन महिन्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा कोपर सरळ होईना, खांदा उचलेना. मामांनी तिला भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दाखवला. "यील हळूहळू," म्हणाले. ती घरी गेली.

अकराव्या दिवशी तिला परत आणली, डोकं फुटलेली. तासाभरात गेली. बाहेर लेक "पायरीवरून पडली हो" म्हणून गळा काढत होता. मामांनी तिच्या हातावरून अंगठा फिरवला. हाड शाबूत होतं.

"हात वर न्हाई गेला, सिस्टर."

या वेळी मामांनी कुणालाच विचारलं नाही. पोलिसांना लेकाचं सांगितलं आणि स्वतःचंही. "माझं बी लिवा. मी लई दिवस ठिवलं प्लास्टर." हवालदारानं मानसुद्धा वर केली नाही. "त्याचा गुन्हा होत न्हाई, मामा. जा घरी." त्यानंतर मामांनी प्लास्टरला हात लावला नाही. स्टोअरला बदली मागून घेतली, आणि रिटायर झाल्यावर वर्षभरात गेले. माझा मामांवरचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांची आठवण आल्याशिवाय एक दिवसही जात नाही.

आता मी "कोणी?" विचारतच नाही, असा हात दिसला की सरळ डॉक्टरांना सांगते. मध्ये अशीच एक आजी आली, सांगू नका म्हणून पाया पडली, तरी मी डॉक्टरांना सांगितलं. पोलिस तिच्या लेकाला घेऊन गेले. तिचं प्लास्टर मी वेळेवर काढायला लावलं, समोर बसून व्यायाम करून घेतला. परवा तिनं ओपीडीत सगळ्यांसमोर मला शिव्या घातल्या. "रांडे, माझं घर बुडवलंस! तुझं वाटोळं हुईल!" हात डोक्याच्या वर नेऊन नेऊन ती शाप देत होती, आणि मी नुसती त्या हाताकडं बघत होते.